घरचे डायलिसिस : उपचार एकाचा, वेळापत्रक दोघांचे

निकामी झालेल्या मूत्रपिंडांचे काम रुग्णालयाऐवजी राहत्या घरी, रुग्णाने स्वतः किंवा घरच्या माणसाच्या मदतीने पार पाडणे म्हणजे घरचे डायलिसिस. त्याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात रक्त शरीराबाहेर काढून यंत्राला जोडलेल्या गाळणीतून फिरवतात आणि परत शरीरात सोडतात. हे रक्ताचे डायलिसिस, म्हणजेच हिमोडायलिसिस. दुसऱ्यात पोटाच्या पोकळीत नळीवाटे द्रव भरून ठेवतात आणि काही तासांनी तो काढून टाकतात. याचे शास्त्रीय नाव पेरिटोनियल डायलिसिस, बोलण्यातले नाव पोटाचे डायलिसिस. रुग्णालयात जी कामे तंत्रज्ञ आणि परिचारिका करतात, ती दोन्ही प्रकारांत घरी कोणाला तरी करावी लागतात. हा ‘कोणीतरी’ बहुतेक वेळा रुग्णाचा जोडीदार असतो. त्यामुळे या उपचाराचे परिणाम मोजताना रुग्ण आणि जोडीदार अशा दोन माणसांचा विचार करावा लागतो.

बारा तास आणि एकशे अडुसष्ट तास

निरोगी माणसाची दोन मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात, त्यातला जवळजवळ सगळा पुन्हा शोषून घेतात आणि उरलेल्या दीड-दोन लिटरची लघवी होते. युरिया, क्रिएटिनिनसारखा कचरा बाहेर टाकणे, पाणी, मीठ, पोटॅशियम आणि आम्ल यांचा तोल राखणे, रक्तदाब सांभाळणे, तांबड्या पेशी तयार होण्यासाठी लागणारे संप्रेरक स्रवणे ही कामे रात्रंदिवस चालू असतात. मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही मूत्रपिंडे कायमची बिघडण्याची दोन मोठी कारणे. गाळण्याची क्षमता मिनिटाला १५ मिलिलिटरच्या खाली गेली की आजार पाचव्या, म्हणजे शेवटच्या टप्प्यात पोचला असे मानतात. पुढे लक्षणे आणि रक्ताचे अहवाल पाहून डायलिसिस सुरू करायचे किंवा प्रत्यारोपण करायचे हे ठरते.

रुग्णालयातले हिमोडायलिसिस सर्वसाधारणपणे आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चार तास असते. भारतात खर्चापायी ते दोनदाच करणारे रुग्णही पुष्कळ आहेत. आठवड्याचे तास १६८. नैसर्गिक मूत्रपिंडे ते सगळे तास काम करतात, यंत्र त्यांपैकी फक्त १२ तास करते. उरलेल्या वेळात पाणी आणि कचरा शरीरात साठत जातो आणि पुढच्या पाळीत तो थोड्या वेळात ओढून काढावा लागतो. तीन पाळ्यांच्या वेळापत्रकात आठवड्यातून एकदा सलग दोन दिवसांचा खंड पडतो आणि या मोठ्या खंडानंतर मृत्यूचे प्रमाण वाढलेले आढळते.

घरी हे गणित बदलता येते. यंत्र दुसऱ्या रुग्णासाठी रिकामे करून द्यायचे नसल्यामुळे पाळ्या वाढवता येतात, लांबवता येतात, रात्री झोपेत घेता येतात. पोटाच्या डायलिसिसमध्ये तर सफाई दिवसभर संथपणे चालूच राहते. मात्र वाढवलेले हे तास घरातल्या माणसांच्याच दिवसातून येतात. घरच्या डायलिसिसचे फायदे आणि तोटे या एकाच व्यवहारातून निघतात.

घरच्या डायलिसिसची सुरुवात

नेदरलँड्समधील कांपेन या गावी विलेम कोल्फ या डॉक्टरने १९४३ मध्ये, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, सॉसेजच्या वेष्टनासाठी वापरल्या जाणाऱ्या सेलोफेनच्या नळ्या फिरत्या पिंपावर गुंडाळून पहिले उपयोगी कृत्रिम मूत्रपिंड बनवले. त्याचा उपयोग अचानक बंद पडलेली मूत्रपिंडे पुन्हा चालू होईपर्यंत रुग्णाला तगवण्यापुरता होता, कारण दर खेपेस नवी रक्तवाहिनी उघडावी लागे. १९६० मध्ये अमेरिकेतील सिॲटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातातील रोहिणी आणि नीला यांना बाहेरून जोडणारी टेफ्लॉनची नळी कायम बसवण्याची युक्ती काढली. पहिला रुग्ण क्लाइड शील्ड्स त्यानंतर ११ वर्षे जगला. मूत्रपिंडे कायमची गेलेला माणूस वर्षानुवर्षे जगू शकतो हे त्यामुळे सिद्ध झाले आणि त्याच क्षणी जागांचा प्रश्न उभा राहिला. सिॲटलच्या केंद्रात खाटा मोजक्या होत्या. कोणाला घ्यायचे हे ठरवण्यासाठी सात जणांची एक समिती नेमावी लागली.

या टंचाईतून डायलिसिस घरी आले. १९६४ मध्ये समितीने नाकारलेल्या एका शाळकरी मुलीसाठी वॉशिंग्टन विद्यापीठातील अभियंते लेस बॅब यांच्या गटाने सुमारे चार महिन्यांत घरी ठेवता येईल असे यंत्र तयार केले. ते चालवायला तिची आई शिकली. त्याच सुमारास मद्रासहून सिॲटलला आलेल्या एका व्यावसायिकाच्या पत्नीने डायलिसिसचे प्रशिक्षण घेतले आणि दोघे उपचार घरी सुरू ठेवण्यासाठी भारतात परतले. घरी डायलिसिस झालेल्या जगातल्या पहिल्या काही कुटुंबांत असे एक भारतीय जोडपे आहे. लंडनमध्ये स्टॅन्ली शाल्डन यांनीही १९६४ मध्येच रात्रीचे घरगुती डायलिसिस सुरू केले. रुग्णाने यंत्र स्वतः चालवावे यावर त्यांचा भर होता.

पुढच्या सगळ्या वाटचालीत हे दोन मार्ग दिसतात. एका मार्गात घरचे माणूस परिचारिकेच्या जागी उभे राहते. दुसऱ्यात रुग्ण स्वतः शिकतो आणि घरचे माणूस हाकेच्या अंतरावर असते. बऱ्याच ठिकाणी पहिला मार्ग रूढ झाला आणि ‘घरी मदतीला कोण आहे?’ हा प्रश्न रुग्णाच्या निवडीची अट बनला.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत डायलिसिसवर असलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के रुग्ण घरी उपचार घेत होते. १९७२ च्या कायद्याने डायलिसिसचा खर्च सरकारी विम्यात आला, १९७३ पासून त्याची अंमलबजावणी झाली, गावोगावी केंद्रे निघाली आणि घरच्या डायलिसिसचा वाटा झपाट्याने घसरला. पैशाची अडचण दूर होताच कुटुंबांनी केंद्राचा रस्ता धरला. रुग्णांचे वाढलेले वय आणि जोडीला असणारे इतर आजार हीही त्यामागची कारणे होती.

घराकडे पुन्हा लक्ष गेले ते पोटाच्या डायलिसिसमुळे. १९७६ मध्ये टेक्सासमधील रॉबर्ट पोपोविच आणि जॅक मॉनक्रिफ यांनी पोटात द्रव सतत ठेवून दिवसातून काही वेळा बदलण्याची कल्पना मांडली. टोरांटोच्या दिमित्रिओस ओरेओपूलोस यांनी काचेच्या बाटल्यांऐवजी प्लॅस्टिकच्या पिशव्या वापरून ती सोपी केली. हाँगकाँगने १९८५ पासून पोटाच्या डायलिसिसला पहिली पसंती देण्याचे धोरण ठेवले आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये घरचे हिमोडायलिसिसही मोठ्या प्रमाणावर टिकून आहे.

यंत्राशेजारची पाळी

घरी हिमोडायलिसिस करण्यासाठी यंत्र, शुद्ध पाण्याचा संच, सांडपाण्याची वाट, भरवशाची वीज आणि सामान ठेवायला कोरडी जागा लागते. गाळणीच्या एका बाजूने रक्त आणि दुसऱ्या बाजूने डायलिसिसचा द्रव वाहतो. हा द्रव मिनिटाला ५०० मिलिलिटर या वेगाने सोडला, तर चार तासांच्या एका पाळीला १२० लिटर लागतो. पाणी शुद्ध करताना जे वाया जाते ते वेगळे. ज्या इमारतीत पाणी सकाळी दीड तास येते तिथे या आकड्याचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही. अमेरिकेत २००५ पासून घरी वापरल्या जाणाऱ्या एका छोट्या यंत्राला पाळीमागे वीस-तीस लिटर द्रव पुरतो, पण त्यावर पाळ्या अधिक वेळा घ्याव्या लागतात.

रक्त घेण्यासाठी हातातील रोहिणी नीलेला जोडून फिस्टुला तयार करतात. शिरेवर हात ठेवला तर थरथर जाणवते आणि ती जाणवते आहे ना हे रोज तपासायचे असते. प्रत्येक पाळीला दोन जाड सुया टोचाव्या लागतात. एकीतून रक्त बाहेर येते, दुसरीतून परत जाते. पाळीआधी वजन आणि रक्तदाब पाहणे, नळ्या यंत्रात बसवून त्यांतली हवा काढणे, सुया टोचून पट्टीने पक्क्या करणे, रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देणे, किती पाणी काढायचे ते यंत्रात भरणे, अर्ध्या-पाऊण तासाने रक्तदाब नोंदवणे, शेवटी रक्त परत करणे, सुया काढून टोचलेली जागा दाबून धरणे आणि यंत्र निर्जंतुक करणे असा हा क्रम असतो. पाळी चार तासांची असली तरी मागचेपुढचे धरून जवळजवळ सहा तास जातात. शिकायला सहसा काही आठवडे लागतात.

यंत्राशेजारी बसलेल्या माणसाच्या मनातली धास्ती एका हिशेबातून कळते. पंप मिनिटाला ३०० मिलिलिटर वेगाने रक्त फिरवतो. रक्त परत नेणारी सुई निसटली आणि यंत्राने वेळेवर इशारा दिला नाही, तर साडेतीन मिनिटांत एक लिटर रक्त गादीवर सांडते. माणसाच्या अंगात रक्त पाच लिटरच्या आसपास असते. असे प्रसंग विरळा घडतात आणि ओल ओळखणारी उपकरणेही मिळतात. तरी हा हिशेब एकदा समजलेल्या माणसाला पाळी चालू असताना गाढ झोप लागणे कठीण असते.

भारतात मोठ्या शहरांत आणखी एक पद्धत आढळते. यंत्र रुग्णाच्या घरी बसवतात आणि पाळीच्या वेळी तंत्रज्ञ येऊन डायलिसिस करून जातो. यात घरच्यांच्या अंगावर तांत्रिक जबाबदारी पडत नाही, पण खर्च वाढतो आणि वेळ तंत्रज्ञाच्या सोयीने ठरते.

पिशवी बदलण्याचा अर्धा-पाऊण तास

महाराष्ट्रात घरचे डायलिसिस म्हटले की अधिक करून पोटाचे डायलिसिसच समोर येते. पोटातील अवयवांवर आणि पोकळीच्या आतल्या बाजूला उदरावरण नावाचा पातळ पडदा असतो. त्याचे क्षेत्रफळ एक ते दोन चौरस मीटर भरते. पोटात ग्लुकोजयुक्त द्रव भरला की रक्तातला कचरा आणि जास्तीचे पाणी या पडद्यातून द्रवात उतरते. द्रव चार ते सहा तास आत ठेवतात, रात्री त्याहून अधिक. बेंबीच्या बाजूला शस्त्रक्रियेने बसवलेली मऊ नळी हा त्याचा कायमचा मार्ग. हाताने पिशव्या बदलायच्या असतील तर दिवसातून तीन-चार वेळा बदलतात. यंत्राने करायचे असेल तर रात्री आठ-दहा तास यंत्र ते काम करते आणि दिवस बराचसा मोकळा राहतो.

पिशवी बदलण्याआधी खोलीचे दार-खिडक्या लावतात, पंखा बंद करतात, टेबल पुसून घेतात. नाका-तोंडावर मास्क येतो. अंगठ्या-बांगड्या काढून हात साबणाने नीट धुतात आणि कोरडे करतात. पिशवीची मुदत, द्रवाची तीव्रता आणि कुठे गळती नाही ना हे पाहतात. द्रव अंगाइतका कोमट लागतो, पण त्यासाठी पिशवी गरम पाण्यात बुडवायची नसते. मग नळीचे टोपण काढून जोडणी करतात. सगळ्या कृतीतले हे काही सेकंद सर्वांत नाजूक, कारण टोकाला बोट लागले तर जंतूंना थेट पोटाची वाट मिळते. पोटातला जुना द्रव खाली ठेवलेल्या रिकाम्या पिशवीत उतरतो, उंचावर टांगलेल्या पिशवीतला नवा द्रव पोटात जातो, नळी सोडवून नवे टोपण बसवतात. बाहेर आलेली पिशवी काट्यावर टांगून वजन वहीत लिहितात आणि उजेडात धरून पाहतात. द्रव पारदर्शक, फिकट पिवळसर असला तर ठीक. गढूळ दिसला तर ती पिशवी घेऊन तडक रुग्णालय गाठायचे असते. या सगळ्याला अर्धा-पाऊण तास लागतो. तीन वेळांचे मिळून रोजचे जवळजवळ दोन तास होतात, सणवार आणि लग्नकार्यासकट.

साहित्याची गोष्टही लक्षात घेण्यासारखी आहे. रोज दोन लिटरच्या तीन पिशव्या म्हणजे महिन्याला ९० पिशव्या आणि १८० लिटर द्रव. हे खोके दारात उतरले की ते उचलायचे, रचायचे आणि पावसाळ्यात ओल लागू द्यायची नाही. दोन खोल्यांच्या घरात एक भिंत खोक्यांनी व्यापली जाते. घर थोडेसे दवाखाना बनते आणि आल्यागेल्याला आजार सांगावा लागत नाही, तो दिसतोच.

रुग्णावर होणारे परिणाम

घरच्या डायलिसिसचा सर्वांत ठळक फायदा वेळेवरचा ताबा. गावाहून तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी आठवड्यातून तीनदा जाणाऱ्याचा पूर्ण दिवस त्यात जातो आणि बसभाडे, सोबत्याची बुडालेली मजुरी हा उपचाराच्या बिलात न दिसणारा खर्च होतो. पोटाच्या डायलिसिसवरचा रुग्ण महिन्या-दीड महिन्याने तपासणीला गेला तरी चालते. शिक्षक, दुकानदार, टेबलावर काम करणारा कर्मचारी दुपारची एक पिशवी कामाच्या ठिकाणी स्वच्छ खोलीत बदलून नोकरी टिकवू शकतो.

दुसरा फायदा शरीराचा. केंद्रातील पाळीनंतर अनेकांना जो थकवा येतो, पायात गोळे येतात, रक्तदाब कोसळतो, त्याचे मुख्य कारण थोड्या वेळात ओढलेले पाणी. हेच काम संथपणे झाले तर त्रास कमी होतो. पोटाच्या डायलिसिसमध्ये उरलीसुरली लघवी अधिक काळ टिकते आणि पाणी, फळे, भाज्यांवरची बंधने थोडी सैलावतात. आठवड्यातून सहा वेळा केंद्रात डायलिसिस करून पाहणारी उत्तर अमेरिकेतील एक चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात २४५ रुग्ण होते. वारंवार डायलिसिस घेणाऱ्यांच्या हृदयाच्या डाव्या कप्प्याची वाढ कमी झाली आणि शारीरिक क्षमता सुधारल्याचे रुग्णांनी स्वतः सांगितले. मात्र फिस्टुलाच्या तक्रारी वाढल्या. रात्रीच्या घरगुती डायलिसिसची जोडचाचणी ८७ रुग्णांवर झाली. तिच्यात इतका स्पष्ट लाभ दिसला नाही आणि पुढच्या पाठपुराव्यात या गटातले मृत्यू अपेक्षेपेक्षा अधिक निघाले. रुग्णसंख्या कमी असल्याने त्यावरून ठाम निष्कर्ष निघत नाही. पण ‘जितके जास्त तितके चांगले’ हे सूत्र सरसकट लागू पडत नाही, एवढे त्यातून दिसले.

तोटेही आहेत. पोटाच्या डायलिसिसमधला मुख्य धोका म्हणजे उदरावरणाचा जंतुसंसर्ग. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार त्याचे प्रमाण रुग्णामागे वर्षाला ०.४ च्या वर जाऊ नये, म्हणजे सरासरी अडीच वर्षांत एकाहून जास्त प्रसंग नसावा. द्रवात ग्लुकोज असते. अडीच टक्क्यांच्या दोन लिटर पिशवीत ते ५० ग्रॅम भरते आणि त्यातला मोठा भाग अंगात मुरतो. परिणामी वजन वाढते आणि मधुमेह्याची साखर सांभाळणे अवघड होते. उलट प्रथिने द्रवाबरोबर वाहून जातात, म्हणून अंडी, दूध, पनीर, मासे आहारात वाढवावे लागतात. शाकाहारी घरात हा आहार जुळवणे हे वेगळेच काम होऊन बसते. वर्षे लोटली की पडद्याची कार्यक्षमताही घटते.

मनावरचा परिणाम दुहेरी असतो. उपचार स्वतःच्या हाती आहे ही जाणीव बळ देते. पण केंद्रात शेजारच्या खाटेवरच्या माणसाशी बोलणे होते, अनुभव कळतात, तंत्रज्ञ चेहरा पाहून ‘आज बरे दिसत नाही’ म्हणतो. घरी हे नसते. डायलिसिसच्या रुग्णांत नैराश्य सामान्यतः दिसते. मुलाखती घेऊन निदान केलेल्या पाहण्या एकत्र पाहता ते सुमारे चारपैकी एका रुग्णात आढळते. घरच्या डायलिसिसमध्ये त्याचे पहिले लक्षण पुष्कळदा वहीत दिसते. नोंदी गाळल्या जातात, वजन लिहिलेले नसते, संध्याकाळची पिशवी ‘राहून जाते’.

जोडीदारावर होणारे परिणाम

जोडीदाराची कामे तीन प्रकारची असतात. पहिली हातांनी करायची कामे : पिशव्या, सुया, मलमपट्टी, यंत्र. दुसरी व्यवस्थेची : साहित्याची मागणी, औषधांच्या वेळा, विम्याचे कागद, रुग्णालयाच्या तारखा, वेगळा स्वयंपाक. तिसरी लक्ष ठेवण्याची : पायावर सूज आली का, श्वास लागतो आहे का, आजचे वजन कालच्यापेक्षा किती. पहिल्या दोन कामांना सुरुवात आणि शेवट असतो. तिसऱ्याला नसतो आणि थकवा मुख्यतः त्यातूनच येतो.

झोप हा पहिला बळी. रात्री चालणारे यंत्र नळी मुडपली तरी वाजते. रुग्ण कूस बदलून पुन्हा झोपतो, जोडीदार जागा राहतो. आवाज झाला नाही तरी होईल म्हणून कान उघडे राहतात. त्यापाठोपाठ चूक होण्याची भीती येते. गढूळ पिशवी दिसली की ‘माझ्याच हातून काहीतरी झाले’ ही भावना उसळते, मग संसर्गाचे कारण काही का असेना. स्वतःचा रक्तदाब, गुडघेदुखी, डोळ्यांची तपासणी पुढे ढकलली जाते. माहेरी राहायला जाणे, भजनी मंडळ, मैत्रिणींबरोबरची सहल या गोष्टी एकेक करून गळतात. त्या सोडाव्यात असे कोणी सांगितलेले नसते. फक्त त्या पिशवीच्या वेळेशी जुळत नाहीत.

या भाराचे मोजमाप करण्यासाठी अमेरिकन वृद्धविज्ञानतज्ज्ञ स्टीव्हन झॅरिट यांनी १९८० च्या सुमारास विकसित केलेली प्रश्नावली जगभर वापरली जाते. तिच्या प्रचलित रूपात २२ प्रश्न आहेत. स्वतःसाठी वेळ उरतो का, रुग्णाचा राग येतो का, आपण पुरे पडत नाही असे वाटते का, अशी विचारणा त्यात असते. रागाचा प्रश्न अनेकांना अडखळवतो. आजारी माणसावर राग येणे हे पाप मानले जाते, त्यामुळे तो कबूल होत नाही आणि जेवणावरच्या किंवा पैशांवरच्या वादातून बाहेर पडतो.

नवरा रुग्ण असलेले घर आणि बायको रुग्ण असलेले घर यांत फरक असतो. नवरा डायलिसिसवर असला की शुश्रूषा बायकोकडे आपोआप येते. तिला कोणी विचारत नाही, कारण नकार देण्याची सोय गृहीतच नसते. ‘ती घरीच तर असते’ या एका वाक्यात रोजचे दोन तास, स्वयंपाक आणि रात्रीचे जागरण मावते. कमावता माणूस आजारी पडल्यामुळे तिला नोकरी धरावी लागली तर दोन्ही भार एकत्र येतात. बायको रुग्ण असेल तर अनेक घरांत ती पिशव्या स्वतःच बदलते आणि स्वयंपाकही करते. नवरा साहित्य आणणे, रुग्णालयात नेणे यांसारखी बाहेरची कामे पाहतो. मनापासून सुया टोचायला शिकलेले नवरेही आहेत. त्यांचे कौतुक चारचौघांत होते, बायकोच्या त्याच कामाचे सहसा होत नाही. भारतातील जिवंत मूत्रपिंडदात्यांत स्त्रियांची संख्या मोठी आहे, ही गोष्टही याच रीतीला धरून आहे.

सगळेच परिणाम वाईट नसतात. रुग्णालयाच्या बाकावर दिवस काढण्यापेक्षा घरी दोन तास देणे अनेक जोडीदारांना सोयीचे वाटते. आजार समजून घेतल्याने असहायता कमी होते. डॉक्टरांशी नेमके बोलता येते. एखादे अवघड काम दोघांनी मिळून साधल्याचे समाधान काही जोडप्यांना जवळ आणते.

सहजीवनावरचा परिणाम

डायलिसिस सुरू होण्याआधीच आजाराने सहजीवनाला धक्का दिलेला असतो. मूत्रपिंडे निकामी झाल्यावर संप्रेरके बदलतात, कामेच्छा मंदावते, पुरुषांत लिंगताठरतेची अडचण येते, स्त्रियांची मासिक पाळी अनियमित होते. रक्तक्षय, थकवा आणि रक्तदाबाच्या काही औषधांची त्यात भर पडते. पोटावरची नळी आणि भरलेले पोट यांमुळे स्वतःच्या शरीराबद्दल संकोच वाटतो. नळी ओढली जाईल ही भीती जोडीदाराला असते. नळी पट्टीने नीट बसवली, आवश्यक तर पोटातला द्रव काढून टाकला, तर शरीरसंबंधांना वैद्यकीय अडकाठी नसते. हे डॉक्टर सहसा आपणहून सांगत नाहीत आणि जोडपी विचारत नाहीत. डायलिसिसवर असताना गर्भ राहणे दुर्मीळ असते, अशक्य नसते. त्यामुळे मूल हवे असो वा नको, सल्ला घ्यावा लागतो.

याहून सूक्ष्म बदल नात्यात होतो. ज्याने सकाळी वजन विचारले, पाण्याचा पेला मोजला, लोणचे ताटातून उचलले, त्याच्याशी संध्याकाळी नवरा-बायको म्हणून बोलणे सोपे नसते. एक जण पहारेकरी होतो, दुसरा चोरून पाणी पिणारा. आर्थिक आणि घरगुती निर्णय हळूहळू निरोगी जोडीदाराकडे सरकतात. रुग्णाला आपण ओझे झालो असे वाटते आणि हे ओझेपण लपवण्यासाठी तो लक्षणे सांगायचे टाळतो. यात उपचारालाच धोका असतो.

भार हलका करण्याचे मार्ग

सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे जे काम रुग्णाला जमते ते रुग्णानेच करणे. हात थरथरत नसतील, नजर ठीक असेल, तर पिशवी बदलायला रुग्णानेच शिकावे आणि जोडीदाराने पर्याय म्हणून शिकून ठेवावे. प्रशिक्षणाला घरातील दोन माणसे पाठवली, जोडीला मुलगा, सून किंवा भाऊ तयार झाला, तर जोडीदाराला तापात झोपून राहण्याची मुभा मिळते. एकत्र कुटुंबात माणसे पुष्कळ असतात, पण काम एकाच्याच नावावर चिकटते. म्हणून वार वाटून घेतलेले बरे.

दुसरा उपाय बाहेरून मदत. फ्रान्समध्ये वृद्ध किंवा परावलंबी रुग्णांच्या घरी परिचारिका जाऊन पोटाचे डायलिसिस करतात आणि त्याचा खर्च सार्वजनिक विमा उचलतो. न्यूझीलंडमध्ये घर लहान किंवा गैरसोयीचे असलेल्यांसाठी वस्तीत एक सामाईक घर असते, तिथे जाऊन रुग्ण स्वतःचे डायलिसिस स्वतः करतात. भारतात प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ मध्ये सुरू झाला. त्यातून जिल्हा रुग्णालयांत हिमोडायलिसिसची सोय झाली आणि २०१९ मध्ये पोटाच्या डायलिसिससाठीही मार्गदर्शक सूचना निघाल्या. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखालीही डायलिसिस मिळते. या योजना रुग्णाच्या उपचाराचा खर्च पाहतात. घरी काम करणाऱ्या माणसाचा वेळ त्यांच्या हिशेबात नाही.

तिसरा उपाय विसाव्याचा. जोडीदाराला बाहेरगावी जायचे असेल तर रुग्णाने तेवढे दिवस केंद्रात हिमोडायलिसिस घ्यावे किंवा प्रशिक्षित परिचारिका बोलवावी. हे आधीच डॉक्टरांशी बोलून ठरवून ठेवता येते. आणि घरचे डायलिसिस झेपेनासे झाले तर केंद्रात परतणे हा पराभव नाही. कोणती पद्धत चांगली याचे उत्तर आजाराच्या टप्प्याबरोबर आणि घरच्या परिस्थितीबरोबर बदलते. प्रत्यारोपण शक्य असेल तर बहुतेक रुग्णांसाठी तोच चांगला मार्ग असतो. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने पती-पत्नीला निकटच्या नातेवाइकांत धरल्यामुळे जोडीदारही दाता होऊ शकतो. पण जो इतके दिवस शुश्रूषा करतो त्यानेच मूत्रपिंडही द्यावे, हे गृहीत धरणे योग्य नाही. त्याची संमती एकांतात, घरच्यांच्या अनुपस्थितीत विचारली गेली पाहिजे.

घरचे डायलिसिस यशस्वी झाले की नाही हे ठरवताना आज रुग्णाचे वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि संसर्गाचे प्रसंग पाहिले जातात. हा उपचार ज्याच्या हातांवर चालतो तो माणूस तपासणीच्या वेळी बहुधा त्याच खोलीत, शेजारच्या खुर्चीवर, फाइल मांडीवर घेऊन बसलेला असतो. त्याची झोप आणि त्याचा रक्तदाब यांसाठी त्याच कागदावर दोन रकाने वाढवायला काहीच खर्च येत नाही.